आफ्रिकेच्या अंगणातली कोंबडी

महाराष्ट्रात जिला 'गावरान' म्हणतात, तिला केनिया आणि टांझानियात 'किएनयेजी' म्हणतात. स्वाहिली भाषेतील या शब्दाचा अर्थ 'इथलीच', 'देशी' असा आहे. बुर्किना फासो, माली या पश्चिम आफ्रिकी देशांत तिचे फ्रेंच नाव 'पुले बिसिक्लेत', म्हणजे 'सायकल कोंबडी'. खेड्यातून शहराच्या बाजारात ती सायकलला उलटी टांगून आणली जाते, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. सायकलपटूसारख्या तिच्या सडपातळ पायांमुळे ते पडले, असेही काही जण मानतात. दक्षिण आफ्रिकेतील झुलू आणि खोसा भाषिक तिला 'उम्लेक्वा' म्हणतात. अर्थ असा की, जिच्यामागे धावल्याशिवाय ती हाती लागत नाही! झिम्बाब्वेत तिला 'रोडरनर' हे नाव आहे. मांस चिवट, शिजायला वेळ लागणारे, पण रस्सा रुचकर. त्यामुळे नैरोबीपासून वागादुगूपर्यंतच्या शहरी ग्राहकाला ब्रॉयलरपेक्षा तीच हवी असते आणि तो तिच्यासाठी जास्त पैसेही मोजतो.

ही कोंबडी ज्या पद्धतीने वाढते, तिला तज्ज्ञ 'कौटुंबिक कुक्कुटपालन' म्हणतात. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील खेड्यांत बहुतेक घरांच्या दारात पाच ते वीस पक्षी असतात. त्यांच्यासाठी पिंजरा नसतो, विकतचे खाद्य नसते, दिवा नसतो आणि वेगळा गडीही नसतो. वर्षाला तीस ते साठ अंडी आणि दीड किलोच्या आत-बाहेर भरणारे अंग, एवढेच तिचे उत्पन्न. संकरित कोंबडी पिंजऱ्यात वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देते. या दोन आकड्यांची तुलना करून अनेक दशके सरकारी अधिकाऱ्यांनी आणि परदेशी सल्लागारांनी गावच्या कोंबडीला मागासलेपणाचे लक्षण ठरवले. तिच्यावर होणारा खर्च जवळपास शून्य असतो, ही बाजू त्या हिशेबात धरलीच जात नव्हती.

हा दृष्टिकोन बदलण्याची संघटित सुरुवात नायजेरियातील इले-इफे येथे झाली. १९८९ मध्ये तेथे भरलेल्या एका आंतरराष्ट्रीय कार्यशाळेत आफ्रिकेतील ग्रामीण कुक्कुटपालनासाठी संशोधकांचे एक जाळे उभे राहिले. तेथील ओबाफेमी आवोलोवो विद्यापीठातील प्राध्यापक ई. बी. सोनाइया यांचा त्यात पुढाकार होता. १९९७ मध्ये या जाळ्याला आंतरराष्ट्रीय रूप मिळाले. स्थळाचा योगायोगही मोठा लक्षणीय आहे. इले-इफे ही योरुबा लोकांची पुण्यनगरी. सृष्टीच्या आरंभी सर्वत्र पाणीच होते. देवाने त्यावर मूठभर माती टाकली आणि पाच बोटांच्या कोंबडीने ती उकरून चहूकडे पसरली, तीच ही पृथ्वी, अशी त्यांची कथा आहे.

वास्तविक कोंबडी ही मूळची आफ्रिकेची नव्हे. तिचा पूर्वज असलेले लाल रानकोंबडे दक्षिण आणि आग्नेय आशियाच्या जंगलांतले. इथिओपियाच्या उत्तर भागातील मेझबेर या स्थळी उत्खननात सापडलेली कोंबडीची हाडे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातील आहेत. इजिप्तमध्ये मात्र ती प्रारंभी दुर्मीळ पक्षी होती आणि टॉलेमी राजांच्या काळात सर्रास दिसू लागली. तेथील मातीच्या भट्ट्यांत हजारो अंडी एकाच वेळी उबवण्याची कला प्राचीन ग्रीक लेखकांनाही ठाऊक होती. आफ्रिकेचा स्वतःचा पाळीव पक्षी म्हणजे ठिपकेदार पिसांचे गिनी फाउल. घाना आणि बुर्किना फासोच्या कोरड्या उत्तर भागात त्याचे थवे आजही घरोघर असतात. हा पक्षी अंडी उबवण्यात बेभरवशाचा. म्हणून त्याची अंडी कोंबडीखाली ठेवण्याची तेथे रीत आहे. कोंबडीची पिल्ले एकविसाव्या दिवशी बाहेर येतात, गिनी फाउलची सुमारे सव्वीस ते अठ्ठावीस दिवसांनी. तेवढे जास्तीचे दिवस ती बिचारी बसून राहते.

वाळवीचे मडके

पहाट होताच पक्षी बाहेर सोडले जातात. मूठभर ज्वारी, मका किंवा कोंडा अंगणात फेकला जातो. तोही पोटभर नसतो, संध्याकाळी पक्ष्यांनी घरी परतावे एवढ्यापुरताच असतो. उरलेला दिवस कोंबडी स्वतःचे पोट स्वतः भरते. उखळाभोवती सांडलेले दाणे, भांडी घासताना फेकलेले खरकटे, शेणातील किडे, गवताचे बी आणि कोवळा पाला, हे सारे मिळून तिचा आहार होतो. गावात असे उकरून मिळणारे अन्न किती आहे, यावर त्या गावात किती कोंबड्या जगतील हे ठरते. ही मर्यादा ऋतूनुसार बदलते. सुगीनंतर दाणे मुबलक असतात, पण प्रथिने कमी पडतात. पावसात किडे भरपूर मिळतात, तर त्याच काळात घरातले धान्य संपत आलेले असते आणि कोंबडीच्या वाट्याला मूठभर दाणेही येत नाहीत.

पिल्लांची प्रथिनांची गरज भागवण्यासाठी पश्चिम आफ्रिकेतील शेतकऱ्यांनी शोधलेली युक्ती मुद्दाम सांगण्यासारखी आहे. टोगो, बेनिन, बुर्किना फासो आणि उत्तर घाना या भागांत मातीचे जुने मडके घेऊन त्यात ओले शेण, कडबा किंवा मक्याची रिकामी कणसे भरतात. ते मडके वाळवीच्या वाटेवर जमिनीत केलेल्या छोट्या खड्ड्यावर पालथे घालतात. रात्रीतून वाळवी मडक्यात चढते. सकाळी मडके उचलून पिल्लांपुढे झटकले की झाले. कोणती वाळवी पिल्लांना चालते आणि कोणती बाधते, याचे ज्ञान गावातील लहान मुलांनाही असते, कारण हे काम बहुधा त्यांच्याकडेच असते. कारखान्यात तयार होणाऱ्या पशुखाद्यात माशांची पूड किंवा सोयाबीनची पेंड जे काम करते, तेच काम येथे ही वाळवी फुकटात करते.

रात्रीचा निवारा प्रदेशागणिक वेगळा असतो. मलावी आणि मोझांबिकमध्ये खांबांवर उचललेली, गवताने शाकारलेली खुराडी दिसतात. खाली मुंगूस व साप यांना चढता येऊ नये, हा हेतू. अन्यत्र वेताचे टोपले, स्वयंपाकघराचा कोपरा, शेळ्यांचा गोठा किंवा सरळ झाडाची फांदी. इथिओपियाच्या डोंगराळ भागात पक्षी माणसांच्याच घरात आडव्या दांडीवर रात्र काढतात. चोर आणि रानमांजर यांच्यापासून त्यामुळे बचाव होतो. मात्र या सवयीची दुसरी बाजूही आहे. इथिओपियातील ग्रामीण कुटुंबांविषयी २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, घरी कोंबड्या असणे हे मुलांच्या चांगल्या वाढीशी निगडित आहे; पण त्याच कोंबड्या रात्री राहत्या घरात कोंडल्या जात असतील, तर मुलांच्या वाढीवर विपरीत परिणाम दिसतो. रांगत्या मुलाच्या हाताला विष्ठा लागणे हे त्याचे संभाव्य कारण मानले जाते.

खुडूक कोंबडीचा हिशेब

मोकळ्या कोंबडीचे अंड्यांचे चक्र समजून घेतल्याशिवाय तिचे 'कमी उत्पन्न' समजत नाही. ती एका पाळीत दहा ते पंधरा अंडी देते आणि मग खुडूक बसते. एकवीस दिवस अंडी उबवते, त्यानंतर दीड-दोन महिने पिल्लांना घेऊन हिंडते. या साऱ्या काळात अंडी बंद. वर्षात अशी तीन, फार तर चार चक्रे होतात. बारा अंडी बसवली तर नऊ-दहा पिल्ले निघतात, म्हणजे उबवणीत ती यंत्राला हार जात नाही. खरी गळती पुढे होते. पहिल्या आठ आठवड्यांत निम्मी, कधी निम्म्याहून अधिक पिल्ले घार, मांजर, थंडी, पाऊस, भूक आणि रोग यांना बळी पडतात. उरलेल्या चार-पाचांतून एखादी तलंग पुढच्या पिढीसाठी ठेवायची, एखादा नर सणाला कापायचा, बाकीचे विकायचे. घरात अंडी का खाल्ली जात नाहीत, या प्रश्नाचे एक उत्तर येथे मिळते. या घरासाठी अंडे म्हणजे बियाणे असते. काही समाजांत मुलांनी अंडी खाल्ली तर ती चोर होतात, असा समज आहे. गरोदर स्त्रीला अंडे वर्ज्य करण्याची चालही अनेक ठिकाणी आढळते. असे समज कसे रुजले हे सांगणे कठीण असले, तरी अंडी राखण्याच्या गरजेशी ते सोयीस्करपणे जुळतात, यात शंका नाही.

अंडी हवी असतील तेव्हा खुडूकपणा मोडण्याचे उपायही आहेत. इथिओपियात अशी कोंबडी काही दिवस शेजाऱ्याकडे नेऊन ठेवतात, उलटी टांगतात, किंवा तिच्या नाकपुडीत पीस खुपसतात. हे उपाय वाचायला क्रूर वाटतात. नेमकी कोणती कोंबडी बसवायची आणि कोणती नाही, हा निर्णय मात्र विचारपूर्वक घेतला जातो. आकाराने मोठी, शांत स्वभावाची, पूर्वी पिल्ले नीट सांभाळलेली कोंबडीच उबवणीसाठी निवडतात.

हा सगळा कारभार मुख्यतः स्त्रियांच्या हाती असतो. गुरे पुरुषांची, शेत पुरुषाचे किंवा त्याच्या कुळाचे. कोंबडी मात्र बाईची, असा संकेत आफ्रिकेच्या मोठ्या भागात आहे. मीठ, साबण, वही, दवाखान्याची चिठ्ठी यांसाठी नवऱ्यापुढे हात न पसरता विकता येईल अशी ती तिची एकमेव मालमत्ता असते. पाच-सहा कोंबड्या विकून शेळी आणि शेळ्या वाढवून गाय, अशी ही शिडी आहे. ज्या घरात कोंबडी घेण्याइतकाही पैसा नाही, तेथे वाट्याची पद्धत उपयोगी पडते. आपल्याकडे शेळी वाट्याने दिली जाते, तशीच इथिओपियात कोंबडीही पोसायला देतात आणि पिल्ले दोघांत वाटून घेतात. धंदा वाढून तीनशे पक्ष्यांची शेड झाली की तिचा ताबा घरातील पुरुषाकडे जातो, हा अनुभवही अनेक देशांत आला आहे. विकास योजनांच्या कागदपत्रांत त्याचा उल्लेख सहसा तळटीपेत असतो.

विक्रीचे वेळापत्रक पंचांगाशी बांधलेले आहे. इथिओपियातील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ईस्टरपूर्वी पंचावन्न दिवस उपवास पाळतात. मांस, अंडी आणि दूध वर्ज्य. या काळात कोंबडीला गिऱ्हाईक नसते. ईस्टर उजाडण्याआधीच्या बाजारात मात्र भाव चढतात, कारण त्या दिवशी 'दोरो वोत' हा झणझणीत रस्सा झालाच पाहिजे. त्यासाठी कोंबडीचे बारा तुकडे करण्याची परंपरा आहे आणि ते नीट जमणे हे गृहिणीच्या कौशल्याचे माप मानले जाते. रंगालाही किंमत असते. कोणत्या सणाला, कोणत्या विधीला कोणत्या पिसांचा पक्षी चालतो, हे व्यापाऱ्यांना पाठ असते. पश्चिम आफ्रिकेत उलट्या पिसांच्या कोंबडीला विधींसाठी वेगळी मागणी आहे. महाराष्ट्रातील वाचकाला याचे नवल वाटू नये. गंमत अशी की, उलटी पिसे आणि उघडी मान ही दोन्ही लक्षणे उष्ण हवेत पक्ष्याला अंगातील उष्णता बाहेर टाकायला मदत करतात, असे पुढे संशोधनातूनही दिसून आले.

जात बदलण्याचे प्रयोग

वसाहतकाळापासून सरकारांचा भर कोंबडीची जात सुधारण्यावर राहिला. ऱ्होड आयलंड रेडसारखे भारी नर गावात वाटायचे आणि देशी नर कापून टाकायचे, अशा योजना अनेक देशांत झाल्या. परदेशी नर मोकळ्या अंगणात फार दिवस टिकत नसे. त्याची संतती वजनाने बरी निघे; परंतु तिची खुडूक बसण्याची वृत्ती कमी होई आणि मग पुढची पिढी उबवणार कोण, हा प्रश्न उभा राही.

अलीकडच्या प्रयोगांत भारताचाही वाटा आहे. गुडगावच्या केगफार्म्स या कंपनीने १९९० च्या दशकात 'कुरॉयलर' ही परसात वाढणारी संकरित कोंबडी तयार केली. आपल्याकडील गिरिराज किंवा वनराजा यांच्या पंगतीत बसणारी ही जात. अमेरिकेतील ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या प्रकल्पातून २०१० मध्ये ती युगांडात नेण्यात आली. तेथील गावांत तिचे वजन देशी पक्ष्यापेक्षा बरेच जास्त भरले आणि अंडीही जास्त मिळाली. मात्र ती स्वतः अंडी उबवत नाही. त्यामुळे पिल्लांसाठी दर वेळी हॅचरीकडे जावे लागते. नैरोबीत मुख्यालय असलेल्या आंतरराष्ट्रीय पशुधन संशोधन संस्थेने इथिओपिया, टांझानिया आणि नायजेरियात अशा अनेक जातींची शेतकऱ्यांच्याच अंगणात तुलना केली. २०१६ मध्ये बिल गेट्स यांनी एक लाख कोंबड्या देणगी देण्याची घोषणा केली, तेव्हा सहाराच्या दक्षिणेकडील ग्रामीण कुटुंबांपैकी तीस टक्क्यांपर्यंत सुधारित आणि लस टोचलेल्या कोंबड्या पोहोचवण्याचे उद्दिष्ट त्यांनी सांगितले. त्या वेळी हे प्रमाण पाच टक्के होते. दक्षिण अमेरिकेतील बोलिव्हियाने ही देणगी अपमानास्पद ठरवून नाकारली आणि त्या बातमीच्या गदारोळात 'लस टोचलेल्या' या शब्दांकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही.

मानमोडीचे संकट

प्रत्यक्षात गावच्या कोंबडीचे भवितव्य त्या शब्दांतच दडलेले आहे. न्यूकॅसल हा विषाणुजन्य रोग महाराष्ट्रात 'मानमोडी' म्हणून ओळखला जातो. १९२६ मध्ये इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे तो नोंदला गेला. लगोलग कुमाऊँतील राणीखेत येथेही तो आढळला, म्हणून भारतात त्याचे नाव 'राणीखेत'. टांझानियात त्याला 'म्दोंदो' किंवा 'किदेरी' म्हणतात, तर इथिओपियात 'फेंगिल'. लक्षणे सर्वत्र तीच: पक्षी मलूल होतो, हिरवट हगवण लागते, पंख लोंबतात, मान पिळवटते. लस न दिलेल्या गावात साथ शिरली की काही दिवसांत दहापैकी आठ-नऊ पक्षी मरू शकतात. साथ बहुधा वर्षाच्या ठरावीक हंगामात, अनेक ठिकाणी कोरड्या दिवसांच्या अखेरीस येते. शेतकऱ्यांना ही वेळ माहीत असते, म्हणून तिच्या आधी ते पक्षी विकून टाकतात. आजार दिसू लागल्यावरही घाईने विकतात. बाजारातून दुसऱ्या गावी नेलेल्या याच पक्ष्यांबरोबर रोग पुढे सरकतो.

घरगुती उपचारांत कोरफडीचा रस पाण्यात घालणे, मिरची खाऊ घालणे, पिसवा-उवांसाठी राख चोळणे हे प्रकार सर्वदूर आढळतात. राखेचा उपयोग होतो. मानमोडीवर मात्र लागण झाल्यानंतर कोणतेही औषध नाही, ना झाडपाल्याचे, ना कारखान्यातले.

मानमोडी जगभरच्या वृत्तपत्रांत क्वचितच येते. बर्ड फ्लूचे तसे नव्हते. एच५एन१ विषाणू आफ्रिकेत प्रथम नायजेरियात, कडुना राज्यातील एका व्यावसायिक फार्मवर आढळला; त्याची घोषणा फेब्रुवारी २००६ मध्ये झाली. त्याच महिन्यात इजिप्तमध्ये आणि नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथेही तो पोहोचला. नवापूरच्या शेडमधील लाखो पक्षी मारून पुरल्याचे दृश्य महाराष्ट्राने पाहिले. इजिप्तमध्ये घरांच्या गच्चीवर पक्षी पाळण्यावर निर्बंध आले. तेथे माणसांना झालेल्या लागणीत परसात पक्षी सांभाळणाऱ्या स्त्रिया आणि मुले मोठ्या संख्येने होती. त्यामुळे चिंता निराधार नव्हती. मोठ्या फार्मची नुकसानभरपाई मोजणे सोपे असते. बाईच्या सात कोंबड्यांची नोंदच कुठे नसते.

मानमोडीची लस कित्येक दशकांपासून उपलब्ध आहे. अडचण तिच्या वाहतुकीची होती. नेहमीची लस सतत थंड ठेवावी लागते आणि तिच्या कुप्या पाचशे किंवा हजार मात्रांच्या असतात. वीज नसलेल्या गावात, घरटी दहा पक्षी असताना, ती निरुपयोगी ठरे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाचे विषाणुतज्ज्ञ पीटर स्प्रॅडब्रो यांनी उष्णता सहन करणाऱ्या निरुपद्रवी विषाणूंवर काम केले. धान्याला लस चोळून ती खाऊ घालण्याचेही प्रयोग झाले; पण त्यांचे परिणाम भरवशाचे नव्हते. अखेर 'आय-२' नावाचे वाण निवडण्यात आले. त्याचे मूळ बीज विकसनशील देशांच्या प्रयोगशाळांना विनामूल्य देण्यात आले आणि मोझांबिक, टांझानिया आदी देशांनी आपली लस आपणच बनवली. ती डोळ्यात एक थेंब टाकून देतात. पिल्लू असो वा कोंबडा, मात्रा एकच, त्यामुळे वजन-माप करत बसावे लागत नाही. ओल्या फडक्यात गुंडाळून, उन्हापासून जपून ती सायकलवरून पुढच्या गावी नेता येते.

मोझांबिकमध्ये पशुवैद्यक रॉबिन आल्डर्स आणि त्यांच्या स्थानिक सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून या लसीभोवती गावपातळीची व्यवस्था उभी केली. मार्च, जुलै आणि नोव्हेंबर, अशा वर्षाला तीन फेऱ्या. लस टोचायला सरकारी डॉक्टर येत नाही. गावातलाच प्रशिक्षित माणूस, पुढे पुढे अनेक ठिकाणी बाई, पक्ष्यामागे अल्पसे शुल्क घेऊन थेंब घालते. स्त्री लसटोचक असली की घरधनिणीशी थेट बोलता येते आणि कोंबड्या कुठे आहेत, किती आहेत हे खरे कळते. फेरीची तारीख आदल्या दिवशी गावभर सांगितली जाते, कारण एकदा पक्षी सोडले की 'उम्लेक्वा' हे नाव सार्थ ठरते. सूर्य उगवण्याआधी खुराड्याच्या दारातच थेंब घालावा लागतो.

लशीने पक्षी वाचू लागले की अंगणातले खाद्य अपुरे पडू लागते. तेव्हा विक्री वाढवावी लागते किंवा थोडे दाणे विकत आणावे लागतात. काही घरांत प्रथमच अंडी ताटात येतात. देवी, कॉलरा हे कोंबड्यांचे अन्य रोग आणि आभाळातली घार यांवर या थेंबाचा काहीच परिणाम होत नाही. लस घेतलेली कोंबडी पंधरवड्यात दुसऱ्याच कारणाने मेली, तर पुढच्या फेरीला ते घर दार उघडत नाही. म्हणून प्रशिक्षणात लसटोचकांना एक गोष्ट घोटून सांगितली जाते. थेंब घालण्याआधी मालकिणीला स्पष्ट बजावायचे, की हे औषध फक्त मानमोडीचे आहे, ते निरोगी पक्ष्यालाच द्यायचे असते, आणि चार महिन्यांनी पुन्हा यावे लागेल.